जानकीमावशीचा अंगठा

मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर हर्षद परबचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. दोर, बॅगा, बूट, तंबू, सगळं मिळतं. पण गेली दहा वर्षं लोक तिथे लांबलांबून यायचे ते खिशातला चाकू घ्यायला, आणि त्याचं कारण हर्षद नव्हे. हर्षद बोलायला गोड आहे, एवढंच. कारण होती काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात उंच स्टुलावर बसणारी त्याची मावशी, जानकी राऊळ. वय चौसष्ट, अंगाने काटकुळी, आणि तोंड असं की गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की जरा जपूनच बोलायचं.

कोणी दोन चाकू पुढे ठेवून विचारायचं, "मावशी, हा चारशेचा, हा अकराशेचा. पैसे वसूल कुठल्यात?"

जानकी आधी चष्मा काढून ठेवायची. हो, काढून. लोक बघायला चष्मा लावतात, ही काढायची. मग डोळे मिटायची, चाकू उघडायची, डाव्या हाताचा अंगठा जिथे पातं मुठीला मिळतं त्या सांध्यावर ठेवायची आणि उजव्या हाताने पातं हळूच डावी-उजवीकडे हलवायची. पातं उघडलं की मागची पट्टी खाचेत बसते आणि ते अडकून राहतं, तो खटका. खटका ढिला असला, किंवा पातं ज्यावर फिरतं तो खिळा बारीक असला, तर पातं केसभर हलतं. त्याला ती खेळ म्हणायची. हा केसभर खेळ डोळ्यांना दिसत नाही, आणि मुलुंडच्या रस्त्याच्या गोंगाटात तो कानाला ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. तो फक्त अंगठ्याला कळतो.

"खेळ आहे," ती म्हणायची. "फुकट दिला तरी घेऊ नका. पात्याला काय चाटायचंय? धार कोणीही लावून देतो. किंमत खिळ्याची असते."

खेळ नसला तर ती काही बोलायची नाही. नेलपॉलिशची लाल बाटली उघडून खिळ्यावर एक ठिपका द्यायची आणि चाकू काउंटरवर ठेवायची. हातात कधीच द्यायची नाही, पातं हातातून हातात दिलं की माणसांत वाकडं येतं म्हणे. खाली ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं.

हल्ली लोक मोबाइलवर चाकू घेतात. खाली हजार जणांनी पाच-पाच तारे दिलेले असतात. त्या हजारांतल्या किती जणांनी तो पाकिटातून बाहेर काढला होता देव जाणे. पण तसा घेतलेला चाकूसुद्धा माणसं जानकीकडे घेऊन यायची, बरं का. ठिपका मिळाला की लेकराला पहिला नंबर मिळाल्यासारखी खूश होऊन जायची.

हा अंगठा तयार झाला भांडुपच्या एका चाकू-कात्र्यांच्या कारखान्यात. सासरे गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्या, नवरा कधी इथे कधी तिथे, म्हणून कणकवलीकडची ही पोरगी वयाच्या बाविसाव्या वर्षी कारखान्यात लागली. बाकावर बारा बायका चाकू जोडायच्या आणि शेवटाला जानकी तपासायची. खराब नग हाताला लागला की तिने ओरडायचं, "हात वर." की बाराच्या बारा जणींनी हातातलं काम सोडून दोन्ही हात वर करायचे, म्हणजे खराब खिळ्याची पेटी पुढे सरकायची नाही. तेवीस वर्षं तिने हे केलं. आता कारखान्याच्या जागी टॉवर आहे, पण "हात वर" जानकीबरोबर नाहूरच्या घरी आलं ते आलंच. नात दिशा रांगत विळीकडे गेली की "हात वर". दूध उतू जाताना सुनेने गरम पातेल्याला हात घातला की "हात वर". दिशा आता एकोणीस वर्षांची, कॉलेजात, डोंगर चढण्याचं वेड. ती आजीची मस्करी करायची, "आजी, मी काय चोर आहे का गं?" म्हणायची, पण हात मात्र वर गेलेले असायचे.

आता खरं सांगायचं ते सांगतो, आणि ते सांगताना मला जानकीचा राग येतो हेही सांगतो.

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तापलेला झारा तिच्या डाव्या अंगठ्याला टेकला. सून मानसी किंचाळली. जानकीने खाली पाहिलं तर कातडी पांढरी पडलेली, आणि दुखत काहीच नव्हतं. डॉक्टरांनी साखर तपासली, म्हणाले, नसांवर परिणाम झालाय, हाताची संवेदना कमी होणार, जपा. घरी येऊन तिने साखरेच्या गोळ्या सगळ्यांना दाखवल्या. अंगठ्याचं नाव काढलं नाही.

का नाही काढलं? कारण ती घाबरली होती. या अंगठ्यामुळे तिला चारचौघांत मान होता. तो गेला की काय, तर गॅलरीत बसा, मेथी निवडा, कुरियरवाला आला की सही करा. तिच्या वयाच्या साऱ्या बायका सोसायटीत तेच करत होत्या आणि जानकीला त्याची धडकी भरायची.

जानेवारीत हर्षद नवा माल घेऊन आला. चाळीस चाकू, साडेसहाशेला एक, आणि दिसायला हुबेहूब अकराशेच्या चाकूसारखे. "मावशी, बघ ना, झकास आहे. तू हो म्हणालीस तर डोंगरवाल्या ग्रुपला लगेच बारा जातील."

जानकीने चष्मा काढला, डोळे मिटले, अंगठा ठेवला, पातं हलवलं. काही जाणवलं नाही.

इथेच घोळ झाला. आयुष्यभर त्या अंगठ्याला काही जाणवलं नाही याचा अर्थ एकच होता, चाकू चांगला. आता अंगठा गप्प होता तो मेल्यामुळे, पण गप्प तो गप्पच. दुसरा चाकू, काही नाही. दहावा, काही नाही. विसाव्याला ती थबकली, कारण विसातले वीस पास असं तेवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. तिला कळलं. पुरतं कळलं. आणि तरी तिने काय केलं, तर हर्षदला संशय येऊ नये म्हणून पुढचे दोन चाकू अंदाजाने बाजूला काढले आणि म्हणाली, "ह्यांच्यात खेळ आहे, परत दे." उरलेल्या अडतिसांवर ठिपके पडले. त्यातला एक तिने आपल्या हाताने दिशासाठी निवडला.

"साडेसहाशेत अकराशेचा माल," ती लोकांना सांगत राहिली. "डोळे झाकून घ्या."

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळी पोहे खाताना दिशा म्हणाली, "आज खाणीवर दोर कापायचा सराव आहे. लटकून. अकराला सुरू. तुझ्याच चाकूने कापणार आहे." मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी बंद पडलेली दगडखाण आहे, तिथे त्यांचा ग्रुप सराव करायचा. जानकी म्हणाली, "सांभाळून." आणि दुकानात आली.

साडेदहाला दुकानात एक वयस्क गृहस्थ आले. मार्तंड आगाशे, विलेपार्ल्याचे, रिटायर्ड इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट. डाव्या हाताच्या दोन बोटांना जाड बँडेज. त्यांनी खिशातून साडेसहाशेचा चाकू काढून काउंटरवर ठेवला. खिळ्यावर लाल ठिपका होता.

"जानकीबाई, मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणाले. "फणसाचा दांडा कापत होतो. पातं मिटलं. पाच टाके पडले. मला फक्त एवढंच सांगा, हा साडेसहाशेला वसूल आहे का?"

हर्षदने घाबरून मावशीकडे पाहिलं. मावशीने चष्मा काढला, डोळे मिटले, अंगठा ठेवला, पातं हलवलं.

"खेळ नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "खटक्यात चीक अडकला असेल. फणस होता ना. हर्षद, तेल आण."

"चीक?" आगाशे शांतपणे म्हणाले. "जरा देता?" त्यांनी चाकू उघडला, पात्याचं टोक काउंटरच्या लाकडावर टेकवलं, आणि बँडेज नसलेल्या हाताने मूठ धरून जेमतेम दाबलं. टक् करून खटका सुटला आणि पातं मुठीत मिटलं. त्यांनी परत उघडलं, परत दाबलं. परत मिटलं.

"माझ्या नातवाने दाबलं तरी मिटतं हो," आगाशे म्हणाले. "तुमच्या हाताला हे कसं कळलं नाही?"

तिच्या डोळ्यांपुढे आगाशे नव्हतेच. दोरावर लटकलेली दिशा होती, मुठीवर चार बोटं आणि पात्यावर जोर. भिंतीवरच्या घड्याळात अकराला वीस कमी होते.

तुम्हाला वाटेल ती लगेच उठली. नाही उठली. हर्षद तेल घेऊन आला, तिने खटक्यात दोन थेंब सोडले, फडक्याने पुसलं, आणि मनात हिशेब लावत बसली की सगळेच थोडे खराब असतील, एखादा असतो, दिशाचा तर आपण निवडून दिलाय. निवडून दिलाय म्हणजे काय केलंय, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? असं पाऊण मिनिट गेलं असेल, फार तर एक. मला विचाराल तर हे एक मिनिट तिच्या सगळ्या तेवीस वर्षांपेक्षा मोठं होतं.

मग ती स्टुलावरून उतरली. "हर्षद, दिशाला फोन लाव."

"काय झालं?"

"लाव आधी."

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. ग्रुपची शीतल नावाची ट्रेनर आहे, तिला लावला, तोही वाजत राहिला. सरावाच्या वेळी सगळ्यांचे फोन बॅगांत असतात. हर्षदने शटर अर्धं ओढलं, आगाश्यांना "काका, दोन मिनिटं दुकान बघा" म्हणाला, जसं काही ते घरचेच होते, आणि दोघांनी रिक्षा पकडली.

पाचरस्त्याला रिक्षा अडकली. पुढे बसने वळण घेताना मध्येच मान घातलेली, मागे सगळ्यांचे हॉर्न. हर्षद फोन लावत होता. जानकी अंगठा मुठीत दाबून धरून बसली होती.

"मावशी, एक चाकू खराब निघाला म्हणून एवढी काय घाबरतेस? बाकीचे तू बघितलेस ना."

"नाय बघितले."

"म्हणजे?"

घाबरली की जानकीच्या तोंडून गावची बोली बाहेर पडते. "माका काय कळत नाय रे, हर्षद. दिवाळीपासून. अंगठो मेलो माझो. मी नुसतेच ठिपके दिले."

हर्षदने फोन खाली केला. "आणि ते दोन बाजूला काढलेस ते?"

"अंदाजाने."

हर्षद चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाला, "भाऊ, फुटपाथवरून घे, काय होईल ते मी बघतो." रिक्षावाल्याने खरंच घेतली. देव त्याचं भलं करो.

खाणीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. तिथून वर दगडाधोंड्यांतून पायवाट. हर्षद पुढे धावला, पण तो सुटलेल्या पोटाचा, बैठ्या कामाचा माणूस, वीस पावलांत धापा टाकायला लागला. जानकी चपला हातात घेऊन त्याच्या पुढे गेली. वळणावरून खाणीची उभी भिंत दिसली. भिंतीवर, दोन-अडीच माणसं उंचीवर, निळ्या हेल्मेटमधली दिशा पट्ट्यात बसल्यासारखी लटकत होती. खाली एका मुलीने तिचा मुख्य दोर धरला होता आणि शीतल मान वर करून सूचना देत होती.

"डोक्यावरची पिवळी दोरी. मूठ घट्ट, पातं तुझ्यापासून लांब. जोर लाव."

दिशाने चाकू उघडला. पातं पिवळ्या दोरीवर टेकवलं. चारही बोटं मुठीखाली, बरोबर तिथे, जिथे पातं मिटून येतं.

जानकीच्या छातीत हवा उरली नव्हती. पोरीचं नाव घेऊन हाक मारावी तर ती वळून बघेल आणि हात चालूच राहील, हे तिला ठाऊक होतं. चाकू खराब आहे, कापू नको, असं सगळं वाक्य सांगायला वेळ कुठे होता? तिने चपला टाकल्या आणि बाकाच्या शेवटी उभं राहून तेवीस वर्षं जसं ओरडली होती तसं ओरडली.

"हात वर!"

दिशाचे दोन्ही हात वर गेले. विचार न करता, कोण ओरडलं हे न बघता, सरळ डोक्यावर. चाकू तिच्या कमरेला दोरीने बांधलेला होता, तो निसटून गुडघ्यापाशी लोंबत राहिला. हात वर गेल्याने ती भिंतीवर गरकन फिरली आणि पाठ आपटून थांबली. मुख्य दोर घट्ट होता. तिला काही झालं नाही.

शीतलने तिला खाली उतरवलं, आणि मग ती जानकीवर उखडली. उखडणारच. "सराव चालू असताना कोणी असं ओरडतं का? पोरगी घाबरली असती तर?"

"तिच्या चाकूला खेळ आहे," जानकी म्हणाली. मग थांबली. "असेल. मला माहीत नाही. माझ्या अंगठ्याला कळत नाही. तुमचे बाराही चाकू मी न तपासता पास केलेत."

ही वाक्यं तिने सगळ्यांसमोर उभी राहून म्हटली. पंधरा-वीस पोरं होती, त्यातली निम्मी तिला "जानकीमावशी" म्हणत दुकानात येणारी. शीतलने एकेक चाकू मागून घेतला, उघडला, टोक दगडावर टेकवून दाबला. पहिला टिकला. दुसरा टिकला. जानकी मनात आशा धरायला लागली, माणूस किती लोचट असतो बघा. तिसरा मिटला. पुढचे चार टिकले, आठवा मिटला. तो ज्या पोराचा होता त्याने नुसतंच आपल्या बोटांकडे बघितलं.

दिशाने आपला चाकू शीतलला दिला नाही. तिने तो स्वतः उघडला, दगडावर टेकवला आणि हळू दाबला. टक्.

तिने तो तीनदा दाबून पाहिला. मग चाकू दगडावर ठेवून आजीपाशी आली, तिचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्यात आपलं नख रुतवलं. जोरात. कातडीवर लाल चंद्रकोर उमटली.

"कळतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

"दिवाळी."

"मग मला हा दिलास तेव्हा?" दिशाचा आवाज खाली गेला. "डोळे मिटून, एवढा वेळ लावून निवडलास. नाटक करत होतीस?"

जानकीला खोटं बोलता आलं असतं. त्या वेळी थोडं थोडं कळत होतं, असं म्हणता आलं असतं, आणि पोरीने कदाचित मानलंही असतं.

"हो," ती म्हणाली. "लाज वाटत होती गो. माका घरी बसवतील म्हणून."

दिशा रडली नाही. हेल्मेट काढून बाजूला जाऊन बसली. हर्षद आजूबाजूच्या पोरांना "सगळे परत घेतो, सगळे" असं सांगत फिरत होता. जानकी उन्हात अनवाणी उभी होती, आणि पायाला दगड तापलेत हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

आठ दिवस दिशा आजीशी बोलली नाही. पाणी दिलं, गोळ्यांची आठवण केली, पण बोलली नाही. दुकानाच्या दारावर हर्षदने कागद लावला, लाल ठिपक्याचे साडेसहाशेचे चाकू परत आणून द्यावेत. खाली जानकीने हट्टाने स्वतःचं नाव घालायला लावलं. चाकू यायला लागले. आणून देणारे कोणी चिडत, कोणी "होतं मावशी" म्हणत, आणि दुसऱ्या प्रकारच्या लोकांचं बोलणं तिला जास्त लागे. आगाशेसुद्धा येऊन गेले. त्यांनी परत तेच विचारलं, वसूल आहे का, आणि जानकी म्हणाली, "नाही. आणि माझा शब्दही नाही."

पुढच्या रविवारी दिशा दुकानात आली. कोणी बोलावलं नव्हतं. परत आलेल्या चाकूंचा ढीग काउंटरवर होता. तिने एक उचलला, उघडला, डोळे मिटले, डावा अंगठा सांध्यावर ठेवला आणि पातं हलवलं. जसं लहानपणापासून पाहिलं होतं, तसंच.

"इथे हलतंय," ती म्हणाली. "केसाएवढं. हाच खेळ ना?"

"हाच."

दुसरा उचलला. बराच वेळ घेतला. "ह्यात नाहीये."

तिने तो काउंटरवर ठेवला. हातात दिला नाही. चाकू खाली ठेवला की पुढचं काम जानकीचं, असं तेहेतीस वर्षं चालत आलेलं. तिचा उजवा हात आपोआप बाटलीकडे गेला, झाकण फिरलं, ब्रश बाहेर आला, डावा हात चाकूकडे गेला.

"आजी," दिशा म्हणाली. हळू, पण सरळ. "हात वर."

जानकीचे दोन्ही हात वर गेले. एका हातात लाल ब्रश तसाच होता. दिशाने तो तिच्या बोटांतून काढून घेतला, चाकूवर ठिपका दिला आणि पुढचा चाकू उचलला. जानकीचे हात मात्र तसेच वर राहिले, कारण ते आता खाली घेऊन ठेवायचे कुठे, हे तिला कळेना.